वाळूतलं पनीर

फाल्गुन सरत आला की मला ओल्या वाळूचा वास येतो. घरात वाळू नसते. बाहेर कापसाची सरकी काढणाऱ्या जिनाचा भोंगा वाजून गेलेला असतो, हंगामातल्या शेवटच्या गाड्या रस्त्याने रेंगाळत असतात, कडुलिंबाला नवी पालवी फुटलेली असते, आणि मी ओसरीवर बसल्या बसल्या नाक वर करून हुंगत असतो. सून म्हणते, "आबा, रांजन भरला ना आताच, त्याचा वास हाय तो." असेल. साठी उलटलेल्या माणसाच्या नाकावर कोणी विश्वास ठेवावा, असं माझं म्हणणं नाही. पण रांजणाचा वास वेगळा आणि खारवलेल्या वाळूचा वेगळा, एवढं मला कळतं. हा वास चाळीस वर्षांपूर्वीच्या एका हंगामाचा आहे. तो हंगाम दर वर्षी माझ्याकडे एक चक्कर टाकून जातो.

त्या वर्षी अमरावतीत कापसाशिवाय दुसरं काही नव्हतं. दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता, म्हणून आमच्या कापसाला चांगले दिवस आले होते, हे मला नंतर समजलं. तेव्हा दिसत होतं ते इतकंच, की परकोटाच्या दरवाजापासून गाड्यांची रांग लागे आणि ती कुठे संपते ते सांगता येत नसे. लोकांनी ज्वारीच्या कोठ्या रिकाम्या करून त्यात कापूस भरला. देवघराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस आला. पोरं त्यात झोपत, मांजरी त्यात व्यायत. पुढे लोक सांगू लागले, की तेव्हा शेतकऱ्यांनी नांगराला चांदीचे फाळ बसवले होते. मी काही ते पाहिले नाहीत. मी पाहिला तो दुधाच्या सायीवरचा कापसाचा तंतू, वरणातला तंतू, भाकरीच्या पापुद्र्यातला तंतू आणि बायकोच्या पापण्यांवरचा तंतू. सरकी वेगळी करायच्या रेच्यांवर बसणाऱ्या बायका संध्याकाळी घरी निघाल्या, की डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झालेल्या असत आणि एकमेकींकडे बघून हसत.

माझं काम कापूस पारखायचं. शेत भावाकडे सोपवून मी एका परदेशी व्यापाऱ्याकडे लागलो होतो. गाडी आली, की बाही वर सारून कोपरापर्यंत हात कापसात खुपसायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. वरून कोरडा आणि पोटात ओला असा कापूस दोन दिवसांत आतून तापतो. हाताला ऊब लागली, की गाडी परत. शेतकरी शिव्या द्यायचे, शपथा घ्यायचे, बैलांच्या डोक्यावर हात ठेवायचे. मी ऐकत नसे. "याच्या हाताले डोये हायेत," असं बाजारात म्हणत आणि मला ते ऐकायला आवडे. ओल्या कापसाची ऊब माझ्याइतकी कोणाला कळत नव्हती. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे मी जो गाढवपणा केला तो याच विषयातला आहे.

आमचा साहेब इंग्रज नव्हता, ग्रीक होता. काळ्या दाढीचा, ठेंगणा, हिंदुस्तानी मोडकंतोडकं पण न लाजता बोलणारा. अकोल्याचा हंगाम उरकून तो अमरावतीला आला आणि आमच्या घरासमोरचं एक घर त्याने भाड्याने घेतलं. पहिल्या आठवड्यात गल्लीतल्या बायकांनी त्याच्यावरून दारं लावून घेतली. मग बातमी फुटली, की साहेब उपास करतो. त्यांच्या सणाआधी दीड महिना तो मांस खात नाही, अंडं खात नाही, दूध-तूपसुद्धा नाही. भाकरी, डाळ, कांदा आणि तेल. बस.

माझ्या आईने हे ऐकलं आणि साहेबाबद्दलचं तिचं मत एका दुपारीत पालटलं. "दूदबी नाई?" तिने मला दोनदा विचारलं. "बाप्पा! आपल्या एकादशीले त दूद चालते." त्या दिवसापासून तो 'उपासी साहेब' झाला. आई स्वतः कडक होती. सोवळं-ओवळं, शिवाशिव, सगळं काटेकोर. पण उपास करणाऱ्या माणसाचा तिला मनापासून आदर होता, मग तो कोणत्या का देवाचा असेना.

साहेबाचा स्वयंपाक करीमचाचा करत. ते अकोटचे, साठीच्या घरातले, पांढऱ्या दाढीला मेंदी लावणारे, गुडघे दुखतात म्हणून उकिडवं न बसता पाटावर बसून कांदा चिरणारे. एक दिवस ते आमच्या मागच्या दारी येऊन उभे राहिले. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी गोल होतं. पडवीत माझी बायको गोदा दूध तापवत होती. मी जेवत होतो.

"बेटी," ते म्हणाले, "तुमच्या घरात गारवा हाय म्हणते लोकं. हे जरा पाह्य."

फडकं सोडलं तर आत पिवळसर पांढरं एक चाक होतं, लहानशा गुळाच्या ढेपेएवढं. वरची साल कडक. वास असा, की मी ताट घेऊन दुसरीकडे तोंड केलं. ते साहेबाच्या गावाकडचं पनीर होतं. मेंढीच्या दुधाचं. बोटीतून मुंबईला, तिथून जिथवर रेल्वे होती तिथवर रेल्वेने आणि पुढे बैलगाडीने आलेलं. उपास सुटेल त्या सकाळी साहेब ते खाणार होता. त्याच्या गावात तशीच रीत होती. सणाला अजून पाच आठवडे होते आणि अमरावतीचं ऊन सुरू झालं होतं.

"अकोल्यात एक आलं होतं असंच," करीमचाचा म्हणाले. "खराब झालं माह्या हातानं. किडे पडले. साहेबानं तोंडावर सांगितलं, अबके ये भी गया तो तुम भी जाओ." त्यांनी फडक्याची टोकं सारखी केली. "अकोटले पोराच्या दारात जाऊन बसा लागीन मग. सून वाढते, पन वाढताना पाह्यत नाई माह्याकडे."

 गोदाने फडक्याकडे हात पुढे केला. "ठेवा इथी, चाचा. मी हाय ना."

आईने अट घातली, की ती वस्तू चुलीजवळ येता कामा नये. रांजणाच्या खोलीत ठेवा, पण रांजणापासून चार हात लांब. ती स्वतः त्याला बोट लावणार नव्हती. मुळात तिला ती कल्पनाच पटली नव्हती. दूध फाटलं की ते नासलं. नासलेलं दूध मांजराला घालायचं किंवा उकिरड्यावर टाकायचं. जे आधीच नासलं आहे ते नासू नये म्हणून माणसं घोर करतात, हे तिच्या समजुतीत बसेना. "हे टिकवायचं म्हंजे काय टिकवायचं?" ती विचारी. प्रश्न काही वावगा नव्हता. गोदा मात्र म्हणाली, "सासूबाई, दही तरी दुसरं काय हाय?" आई उठून देवघरात गेली, म्हणजे तिला ते पटलं असावं.

ते दूध कोकराच्या जठरातल्या रसाने विरजतात, हेही मला पुढे साहेबाने सांगितलं. ते मी घरात कधी बोललो नाही. काही गोष्टी पोटात ठेवण्यात मी तसा तरबेज आहे.

लोणी टिकवायचं असलं तर आमच्याकडे पाण्यात ठेवत आणि पाणी रोज बदलत. गोदाने पनीरही तसंच सुरू केलं. पाण्यात नाही बुडवलं, पण ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवलं आणि तोंड झाकणाने गच्च बंद केलं. पाचव्या दिवशी सालीवर हिरवी बुरशी आली. करीमचाचांनी ती पाहिली आणि खाली बसले, गुडघे दुखत असूनही. गोदा रडली नाही. तिने बोथट सुरीने बुरशी खरवडली, फडकं मिठाच्या पाण्यात पिळून साल पुसली, आणि पनीर नाकाजवळ नेऊन बराच वेळ हुंगत राहिली.

मग तिने उलटं केलं. दोन दिवस कोरड्या फडक्यात, उघड्यावर ठेवलं. सालीला भेग पडली. भेगेला तिने करडईचं तेल चोळलं. आठ-दहा दिवस ती त्या वस्तूच्या मागेच होती. भाकऱ्या थापता थापता उठून जाई, झाकण काढी, हुंगे, परत येई. मी चेष्टा करत असे, की माझ्याकडे इतकं लक्ष दिलं असतंस तर माझं पोट सुटलं असतं. ती म्हणायची, "तुमी काई नासून नाई राहिले."

शेवटी तिचं गणित जमलं. मोठ्या मडक्याच्या तळाला चार बोटं ओली वाळू. वाळूवर बांबूच्या कांबी, म्हणजे ओल थेट लागत नाही. कांबींवर पनीर, तेलाचा हात फिरवलेलं आणि जुन्या धोतराच्या मऊ, कोरड्या फडक्यात गुंडाळलेलं. मडक्याच्या तोंडाला झाकण नाही, नुसतं विरळ फडकं बांधलेलं. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाण्याचा हबका. रोज एकदा पनीर उलथायचं, एक दिवसाआड मिठाच्या पाण्याने पुसायचं आणि फडकं बदलायचं. कांदे त्या खोलीतून बाहेर. करीमचाचा हे सगळं दारातून पाहत आणि मान हलवत. तिने त्यांना समजावून सांगितलं, "चाचा, याले वारा पाह्यजे. पन गरम लू नाई पाह्यजे. ओल पाह्यजे, पन अंगाले नाई पाह्यजे."

आज हे लिहिताना वाटतं, की मी तिला घरात इतकं बोलताना त्याच दिवसांत ऐकलं. एरवी ती आईपुढे फार बोलत नसे. पनीराबद्दल मात्र तिला सगळे विचारत, अगदी शेजारच्या बायकासुद्धा भिंतीवरून विचारत, "काय म्हनते वं साहेबाचं?" आणि ती ऐटीत सांगे, "बरं हाय."

सणाला नऊ दिवस उरले असताना तिला कावळा शिवला. आमच्या घरात अशा वेळी बाईने चार दिवस मागच्या पडवीच्या कोपऱ्यात, तरटावर बसायचं. तिचा तांब्या वेगळा, ताट वेगळं. स्वयंपाकघर बंद, देवघर बंद, रांजणाची खोली तर विचारूच नका, कारण सगळं घर तिथलं पाणी पितं. आणि टिकवायच्या वस्तूंवर तिची सावलीही पडायची नाही. लोणचं नासतं, पापड लाल पडतात, दही आंबतं. आई हे सांगत असे, तिच्या सासूने तिला सांगितलं होतं, आणि मीही ते दिवस-रात्रीइतकंच खरं धरून चाललो होतो.

आई पनीराला हात लावणार नव्हती. करीमचाचांना रांजणाच्या खोलीत येता येत नव्हतं. उरलो मी. मला आनंदच झाला, खरं सांगायचं तर. बायकोने इतके दिवस मिरवलं, आता आपण दाखवू, असं वाटलं. आणि पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यात कल्पना आली. बाहेर लू सुटली होती, वाळू हां हां म्हणता सुकत होती. हा मडक्याचा पसारा हवा कशाला? त्या साली आम्ही अमरावतीकर जे काही जपायचं ते कापसात जपत होतो. अत्तराची कुपी कापसात, आरसा कापसात, तान्हं मूल कापसात. मी बाजारातून नुकतीच रेच्यावरून उतरलेली पांढरीशुभ्र रुई टोपलीभर आणली, पनीर तिच्या पोटात दाबलं आणि वरून आणखी रुई भरली. टोपली रांजणाच्या खोलीत ठेवली.

गोदाने कोपऱ्यातून पाहिलं. "रुईत नका ठेवू," ती म्हणाली. "त्याले घाम येते. गरम होईन ते."

"तू चार दिवस गप बस ना," मी म्हणालो.

 मी बाजारात गेलो आणि दिवसभर लोकांच्या गाड्यांत हात खुपसून सांगत राहिलो, की तुझा कापूस ओला आहे, आतून तापला आहे, परत ने. तीन दिवस हे केलं. घरच्या टोपलीत हात घालून बघावं असं एकदाही मनात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी रुमाल विसरला म्हणून घरी आलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आई पुढच्या खोलीत आडवी झाली होती, तोंडावर पदर. पडवीतलं तरट रिकामं होतं. रांजणाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि गोदा आत बसली होती.

मांडीवर पनीर होतं. त्याला सगळीकडून रुई चिकटली होती आणि साल लोण्यासारखी मऊ पडून तिच्यावर घामाचे थेंब आले होते. आंबूस वास दारापर्यंत येत होता. ती एकेक तंतू नखाने वेचत होती. घाई नव्हती. शेजारी तिचाच, वेगळा ठेवलेला तांब्या, त्यात मिठाचं पाणी. तंतू वेचून झाल्यावर तिने फडकं पिळून साल पुसली, हाताने वारा घातला, पुन्हा पुसली. मग मागे सारलेलं मडकं ओढलं, वाळू भिजवली, कांबी नीट केल्या, तेलाचा हात फिरवून पनीर आत ठेवलं. मडकं पोत्याआड सरकवलं. त्यानंतर तिने जे केलं त्याला मी आजही हसतो. फळीवरची गुळाची लहान ढेप तिने खाली घेतली आणि माझ्या टोपलीत, रुईच्या पोटात, बरोबर त्याच जागी दाबून ठेवली.

मी पावलं न वाजवता परत फिरलो. रुमाल राहिला तो राहिलाच.

ओरडायला हवं होतं का? आईच्या घरातला नियम मोडला होता, तोही रांजणाच्या खोलीत. पण मला राग आला नाही. मला लाज वाटली. इतक्या साध्या गोष्टीत मी चुकलो होतो आणि ती चूक निस्तरायला तिला चोरासारखं आपल्याच घरात शिरावं लागलं होतं. संध्याकाळी आम्ही सगळे त्याच रांजणाचं पाणी प्यायलो. कोणाला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीला मुंग्या लागल्या. पनीराला मुंग्या लागत नाहीत, हे आईच्या लगेच ध्यानात आलं असतं. ती देवपूजेत होती तेवढ्यात मी मुंग्या झटकल्या आणि टोपलीभोवती चुलीतल्या राखेचं कडं ओढलं. पडवीच्या कोपऱ्यातून ते कडं सरळ दिसत होतं. गोदा तांदूळ निवडावेत तशी आपल्या हातांकडे बघत बसली होती. मी टोपलीवर थाप मारली आणि मोठ्याने म्हणालो, "चांगलं हाय पनीर." ती म्हणाली, "हाव."

एवढंच आमचं बोलणं. पाचव्या दिवशी ती न्हाऊन आली, तिने सगळ्यांदेखत पनीर माझ्याकडून पुन्हा आपल्याकडे घेतलं, आणि गुळाची ढेप फळीवर गेली.

सणाच्या दिवशी पहाटेच साहेबाची प्रार्थना झाली आणि दिवस वर आल्यावर त्याने आम्हाला बोलावलं. मी आणि आई त्याच्या ओट्यापर्यंत गेलो. गोदा आमच्या दारात, उंबऱ्याच्या आत उभी राहिली. करीमचाचांनी पनीर ताटात आणलं आणि दोन्ही हातांनी साहेबापुढे ठेवलं. साहेबाने सुरी घातली. आत फिकट पिवळं, घट्ट, एकही डाग नाही. त्याने तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.  मग म्हणाला, "माँ का घर." करीमचाचा ओट्याच्या कोपऱ्याला जाऊन दाढी पुसत राहिले. त्यानंतर पुष्कळ वर्षं त्यांनी त्या साहेबाचा स्वयंपाक केला आणि अकोटला ते सणासुदीला, मिठाई घेऊन जात.

साहेबाने विचारलं, हे टिकवलं कोणी? मी तोंड उघडणार तोच आई बोलली. "माह्या पोरानं. सून त दूर बसली होती. तिची सावलीबी पडू देली नाई यानं, म्हनून टिकलं."

साहेबाला त्यातलं अर्धंच समजलं असेल. त्याने माझा खांदा थोपटला. शाबास म्हणाला. मी समोरच्या दाराकडे पाहिलं. गोदाच्या पदरावर कापसाचा एक तंतू होता, तो ती काढत होती. तिला बोलायची सोय नव्हती. 'पनीर मी टिकवलं' म्हणायचं, तर 'मी रांजणाच्या खोलीत शिरले' हेही तिला सांगावं लागणार. सोय होती ती मला. मी मान खाली घालून हसलो, आणि लोकांनी तो माझा विनय मानला.

ती गोष्ट गल्लीत गेली, मग नात्यात गेली. आमच्या घरात ती दाखला म्हणून राहिली. आमची मुलगी पहिल्यांदा कोपऱ्यात बसली आणि रडू लागली, तेव्हा आईने तिला ती सांगितली. आई गेल्यावर सुनेने ती उचलली, आणि आमच्या घरात येणाऱ्या प्रत्येक पोरीने ती ऐकली. बाईची सावली पडली नाही म्हणून पनीर टिकलं. जो पुरावा उलटा होता तो सुलटा म्हणून आमच्या घरात चाळीस वर्षं वापरला गेला. आणि ज्या एकाने तो डोळ्यांनी पाहिला होता तो ओसरीवर पान खात बसलेला असायचा.

गोदा ती गोष्ट चाललेली असताना कधी उठून गेली नाही. पण माझ्या हातून दूध उतू गेलं, खिळा वाकडा बसला, बैल सुटला, की ती हमखास म्हणायची, "हात लय बरा हाय बाप्पा तुमचा. पनीर टिकलं होतं." ऐकणारे कौतुक समजत. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता आपापलं काम करत राहू. तिला माहीत होतं, की मी पाहिलं आहे. राखेचं कडं तिने पाहिलंच होतं. ती माझी वाट बघत होती का, हे मी कधी विचारलं नाही. ती जाऊन आता पाच वर्षं झाली.

परवा मुलाला कोणीतरी चीज भेट दिलं. पत्र्याच्या डब्यातलं, बडनेऱ्याच्या स्टेशनाकडच्या दुकानात हल्ली मिळतं. डबा उघडल्यावर ते टिकेना. सुनेने नाक मुरडलं आणि ते मागच्या पडवीत नेऊन ठेवलं. मी उठून मडकं शोधलं, नदीवरून गड्याकडून वाळू मागवली, कांबी चिरल्या, फडकं फाडलं. ते चीज कांबींवर ठेवून मडक्याचं तोंड बांधलं. या वर्षी वाळूचा वास खराच येत होता.

पडवीच्या कोपऱ्यात माझी नात चंद्रा तरटावर बसली होती. तिला अकोटला दिली आहे, माहेरपणाला आली आणि आल्या आल्या कोपऱ्यात बसावं लागलं. सून समोरच पापड लाटत होती. माझ्या हातातलं मडकं बघून ती हसली आणि चंद्राला म्हणाली, "पाह्य, आबाचं पनीर. तुले ते ठाऊक हाय ना? आजी दूर बसली होती तवा आबानं..."

"मी नाई टिकवलं," मी म्हणालो.

पापडाचं लाटणं थांबलं.

मी मडकं नेऊन चंद्रासमोर, तरटाच्या कडेला ठेवलं. "हे तू सांभाळ."

"आबा, मी दूर हाय ना," ती दचकून म्हणाली.

"माहीत हाय मले. तुही आजीबी दूर होती. मी कापसात घालून नासवलं होतं ते. तिनं रांजनाच्या खोलीत जाऊन, मांडीवर घेऊन नीट केलं. माह्या डोळ्यानं पायलं मी."

 चंद्रा माझ्याकडे बघत राहिली. तिची नजर अगदी आजीची आहे, हे मला त्या वेळी फार जड गेलं.

"मग इतके वर्सं सांगितलं काहून नाई, आबा?"

मी बरीच कारणं जमवून ठेवली होती. आईचा धाक, घराची रीत, गोदाचीच अब्रू. त्यातलं एकही वर आलं नाही.

"भ्यालो होतो," मी म्हणालो. "आन् शाबासकी गोड लागली होती."

तिने आपल्या आईकडे पाहिलं. सुनेने मान खाली घालून पुन्हा लाटणं सुरू केलं, पण हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. चंद्राने हात पदराला पुसले, मडकं जवळ ओढलं, फडकं सोडलं आणि पनीर नाकापाशी नेऊन बराच वेळ हुंगलं.

"लय घट्ट बांधलं तुमी, आबा," ती म्हणाली. "याले वारा पाह्यजे."